समुद्राच्या तळाचं पाणी किती वर्षांचं?

(केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम इथं झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे. शेवटची प्रश्नोत्तरं ठेवली आहेत.)

विषय ध्रुवाकडच्या समुद्राचा आहे आणि आपण बसलोय केनवडला. इथून मुंबईचा समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, मग अंटार्क्टिकाची गोष्टच सोडा. म्हणून सुरुवात विहिरीपासून करू.

समजा, तुमच्या वावरात एक विहीर आहे आणि धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची दुसरी. दोन्हींचा झरा एकच आहे का, हा वाद गावोगाव असतो. तो मिटवायचा एक साधा मार्ग आहे. एका विहिरीत लाल औषध टाकायचं, तेच, पोटॅशियम परमँगनेट, आणि दुसरीवर लक्ष ठेवायचं. चार दिवसांनी शेजारचं पाणी गुलाबी झालं, तर काळ्या खडकाच्या भेगांतून वाट आहे हे कळलं. किती दिवस लागले यावरून पाण्याचा वेगही कळला. जमीन खोदावी लागली नाही की खाली उतरावं लागलं नाही. पाण्यासोबत जाणारी आणि नंतर ओळखता येणारी अशी खूण म्हणजे ट्रेसर. आपण तिला आज ‘मागकाढ्या’ म्हणू. शब्द ओबडधोबड आहे, पण काम नेमकं सांगतो.

आता हाच प्रश्न समुद्राला लावा. अरबी समुद्रात चार किलोमीटर खोल थर्मामीटर सोडला तर पाणी दोन अंशांच्या आतबाहेर भरतं. वर अठ्ठावीस-एकोणतीस अंश आणि खाली दोन! कोकणच्या किनाऱ्यासमोर इतकं गार पाणी आलं कुठून? तिथं हिवाळ्यातसुद्धा पृष्ठभाग एवढा थंड होत नाही.

हे कोडं जुनं आहे. १७५१ मध्ये हेन्री एलिस नावाचा इंग्रज कप्तान आफ्रिकेजवळच्या अटलांटिकमध्ये होता. त्याचं जहाज गुलामांच्या व्यापारातलं होतं, हेही सांगायला हवं. झडपांची एक खास बादली दोरानं खोल सोडून त्यानं पाणी वर काढलं. वरच्या पाण्याचं तापमान सुमारे २९ अंश भरलं आणि मैलभर खोलीवरून आलेल्या पाण्याचं १२. एलिसनं त्या पाण्याचा उपयोग आंघोळीला आणि दारू गार करायला केला. हे पाणी ध्रुवाकडूनच येत असणार, हा तर्क पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रमफर्डनं मांडला. तर्क बरोबर निघाला. पण पाणी येतं म्हणजे कुठून, किती, आणि यायला किती वर्षं लागतात, याचा हिशेब लागायला विसावं शतक उजाडलं.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर काय होतं ते आधी बघू. खंडावरून समुद्राकडे उताराचे भयंकर गार वारे सुटतात. किनाऱ्याजवळ तयार झालेला बर्फ ते पुढे ढकलत राहतात. त्यामुळे भर हिवाळ्यातही काही ठिकाणी पाणी उघडं राहतं. अशा उघड्या जागेला पोलिन्या म्हणतात. तिथं नवा बर्फ सतत तयार होतो, वारा तो ढकलून देतो, की पुन्हा नवा. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बर्फात फारसं मावत नाही, ते खालच्या पाण्यात उतरतं. म्हणजे उरलेलं पाणी उणे १.९ अंशापर्यंत गार आणि वर जास्त खारट. असं पाणी जड होतं, उतारावरून घरंगळत तळाला जातं आणि तिथून उत्तरेकडे पसरतं. हे अंटार्क्टिक तळपाणी.

अशा जागा मोजक्याच आहेत. वेडेल समुद्र आणि रॉस समुद्र ही दोन नावं जुनी. आपल्याला जवळची वाटावी अशी एक जागा मात्र फार उशिरा कळली. लार्समन टेकड्यांवर २०१२ पासून आपलं ‘भारती’ हे केंद्र आहे, ते प्रिड्झ उपसागराच्या काठावर. त्याच्या पश्चिमेला केप डार्नली नावाचं टोक आहे. तिथल्या पोलिन्यातही तळपाणी तयार होतं, हे जपानी शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं झालेल्या अभ्यासातून २०१३ मध्ये पुढे आलं. त्या कामात डोक्यावर उपकरणं चिकटवलेल्या हत्ती-सीलांची मदत झाली. माणूस हिवाळ्यात तिथं जाऊ शकत नाही, सील जातो.

इथून पाण्याचा प्रवास सुरू होतो. समुद्राच्या तळाशीही डोंगररांगा आहेत. तळपाणी त्यांना ओलांडू शकत नाही, खिंडी शोधत जातं. मादागास्करच्या पूर्वेकडून ते अमिरांत नावाच्या खिंडीतून सोमालियासमोरच्या खोऱ्यात शिरतं आणि पुढे आपल्या अरबी समुद्रात येतं. बंगालच्या उपसागराकडे जाणारं पाणी नव्वद पूर्व रेखांशाच्या डोंगररांगेतल्या खिंडी गाठतं.

मग पाण्यात वेगमापक यंत्र बसवून हे का मोजत नाहीत? बसवतात. पण तळाचा प्रवाह बऱ्याच ठिकाणी इतका मंद असतो की आज इकडे, उद्या तिकडे, आणि वर्षाच्या शेवटी निव्वळ पुढे किती सरकला हे सांगणं कठीण. शिवाय यंत्र एका जागेचं सांगतं. हे पाणी वरच्या हवेला शेवटचं कधी भेटलं, हे ते सांगूच शकत नाही. आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. समुद्र हवेतला कार्बन डायऑक्साइड खाली नेतो, उष्णता नेतो, प्राणवायू नेतो, ते सगळं या भेटीतच घडतं.

मागकाढ्याची एक मजेदार गोष्ट उत्तर ध्रुवाची आहे. जीनेट नावाचं अमेरिकन जहाज १८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडालं. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्यातल्या वस्तू ग्रीनलंडच्या नैऋत्य किनाऱ्यावर बर्फासोबत वाहत आलेल्या सापडल्या. त्यात मेणकापडाची एक विजार होती, त्यावर खलाशाचं नाव, लुई नोरोस. म्हणजे बर्फ ध्रुवाजवळून आरपार वाहतो! या एका बातमीवर विसंबून नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेननं ‘फ्राम’ हे जहाज १८९३ मध्ये मुद्दाम बर्फात अडकवून घेतलं आणि ते १८९६ मध्ये पलीकडे बाहेर पडलं.

विजार तरंगते. तळाच्या पाण्यासाठी पाण्यात विरघळणारी खूण लागते. महासागरात लाल औषध टाकायला कोणाच्या बापाला जमणार? पण माणसानं ते करून ठेवलं होतं, नकळत.

घरातला जुना फ्रिज आठवा. त्यातल्या वायूला आपण फ्रिऑन म्हणायचो. शास्त्रीय नाव क्लोरोफ्लुरोकार्बन, सीएफसी. १९३० च्या दशकात त्याचं उत्पादन सुरू झालं. हा वायू निसर्गात नाही. तो जळत नाही, सडत नाही, सहज कशाशी संयोग पावत नाही. १९७१ मध्ये जेम्स लव्हलॉक हे ब्रिटिश शास्त्रज्ञ अंटार्क्टिकाकडे निघालेल्या ‘शॅकल्टन’ जहाजावर स्वतः बनवलेलं संवेदनशील यंत्र घेऊन चढले, आणि भर महासागरावरच्या हवेतही त्यांना सीएफसी सापडला. १९७३ च्या निबंधात त्यांनी लिहिलं की हवेच्या आणि समुद्राच्या हालचालींचा माग काढायला हा उपयोगी पडेल. या वायूपासून धोका संभवत नाही, असंही त्याच निबंधात होतं. पहिलं खरं ठरलं. दुसरं पुढच्याच वर्षी मोलिना आणि रोलंड यांनी खोडून काढलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जाहीर झालं आणि १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. ओझोनला खाणारं विषच समुद्राची जन्मपत्रिका वाचायच्या कामी आलं.

ते कसं, हे नीट समजून घेऊ. कोणत्या वर्षी हवेत किती सीएफसी होता, ही नोंद आपल्याकडे आहे. सीएफसी-१२ चंच घ्या. १९३० च्या आधी शून्य. मग वाढत वाढत या शतकाच्या सुरुवातीला, हवेच्या एक लाख कोटी रेणूंमागे साडेपाचशेच्या आसपास, आणि तिथून हळूहळू उतार. पाणी पृष्ठभागावर असताना त्या वर्षीच्या हवेच्या हिशेबानं वायू त्यात विरघळतो. गार पाण्यात जास्त विरघळतो, सोडा थंड असला की फसफस टिकते तसं. पाणी खाली गेलं की शिक्का बसला. पुढे कुठेही ते पाणी बाटलीत धरलं, त्यातला वायू मोजला, की तो हवेतल्या कोणत्या वर्षाशी जुळतो हे बघायचं. सीएफसी मुळीच नसेल तर ते पाणी १९३० च्या आधीच खाली गेलेलं. ज्या महिन्यात त्यानं हवा पाहिली, तेव्हा जगात फ्रिऑनचा फ्रिजच नव्हता.

बाटली म्हणजे काय, तेही सांगतो. जहाजावरून तारेला एक गोल चौकट सोडतात, तिच्यावर बारा किंवा चोवीस नळकांडी, दोन्ही तोंडं उघडी. वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेकाचं तोंड बंद करतात. चौकट डेकवर आली की पाणी घ्यायला रांग लागते, आणि या रांगेला शिस्त असते. पहिला मान सीएफसीवाल्यांचा, मग हीलियमवाले, मग प्राणवायूवाले, मीठ मोजणारे अगदी शेवटी. कारण नळकांड्यात वरून हवा शिरली की वायूची खूण बिघडते. जहाजाच्याच फ्रिजमधून किंवा एसीमधून थोडी गळती असेल तर सगळी मेहनत पाण्यात. चौकटीला थर्माकोलचे कप बांधून सोडायचीही एक प्रथा आहे. खालच्या दाबानं ते आवळून अंगठ्याएवढे होतात, आणि घरी भेट म्हणून जातात.

आता अडचण. आजोबा सत्तर वर्षांचे, नातू दहाचा. सरासरी चाळीस. पण त्या घरात चाळीस वर्षांचं कोणीच नाही! समुद्राचं तसंच आहे. तळाचं पाणी वाटेत जुन्या पाण्यात मिसळत जातं. बाटलीत जे सापडतं ते एका वयाचं पाणी नसतं, ते कुटुंब असतं. म्हणून एकाच मागकाढ्यावर भागत नाही. वेगवेगळ्या वेगानं वाढलेले दोन-तीन वायू एकत्र मोजले की कुटुंबात म्हातारे किती आणि पोरं किती, याचा अंदाज येतो. दुसरी अडचण आणखी अवघड. बंदीनंतर हवेतला सीएफसी स्थिरावला आणि उतरू लागला, म्हणजे ताज्या पाण्यासाठी हे घड्याळ चाललंच नाही. तिथं आता सल्फर हेक्झाफ्लोराइड उपयोगी पडतो. विजेच्या मोठ्या सबस्टेशनमधल्या ब्रेकरात ठिणगी विझवायला भरतात तो वायू. तो अजून वाढतोच आहे. वातावरणासाठी ही वाईट बातमी, पण घड्याळ म्हणून सोय.

१९९९ मध्ये ओर्सी, जॉन्सन आणि बुलिस्टर यांनी अंटार्क्टिकाभोवतीच्या सीएफसीचा ताळेबंद मांडला. खाली एवढा वायू पोचायचा तर दर सेकंदाला किती पाणी तळाला जात असलं पाहिजे? उत्तर आलं, सुमारे ८० लाख घनमीटर. पृथ्वीवरच्या सगळ्या नद्या मिळून सेकंदाला बारा लाख घनमीटरच्या आसपास पाणी समुद्रात टाकतात. म्हणजे सहा-सात पट. आणि हे फ्रिजमधल्या वायूवरून!

कार्बनवरून वय काढतात हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. कार्बन-१४, अर्धआयुष्य ५,७३० वर्षं. पुराणवस्तूंना तो चालतो. अंटार्क्टिकाजवळ मात्र तो फसवतो. तिथं खोलातलं जुनं पाणी वर येतं आणि हवेतला नवा कार्बन पुरेसा घ्यायच्या आत पुन्हा खाली जातं. परिणाम असा की तिथं काल मेलेला सील मोजला तर वय हजार वर्षांच्या वर भरतं. उत्तर पॅसिफिकच्या खोल पाण्याचं हजारांत मोजायचं वय याच कार्बननं सांगितलं, ते ठीक. पण दक्षिणेला मधल्या मापाचं, शतकाच्या बेतातलं एक घड्याळ हवं होतं.

ते घड्याळ शोधण्यात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले देवेंद्र लाल होते. अवकाशातून येणारे किरण हवेतल्या आर्गॉनवर आदळले की सिलिकॉन-३२ तयार होतो, तो पावसाबरोबर समुद्रात पडतो. लाल, गोल्डबर्ग आणि कोइडे यांनी १९६० मध्ये तो समुद्री स्पंजांच्या सांगाड्यांत शोधून दाखवला. त्याचं अर्धआयुष्य आधी काही शतकांचं मानलं जात होतं. मोजमापं सुधारली तसं ते दीडशे वर्षांच्या आसपास आलं, आणि त्यावर काढलेली वयंही बदलली. घड्याळ किती वेगानं चालतं हेच चुकलं तर वेळ कशी बरोबर येणार! दुसरी पंचाईत म्हणजे हा सिलिकॉन इतका विरळ की टनावारी पाणी लागतं. जहाजावर टनावारी पाणी चढवून काय करायचं? तेव्हा लाल, कृष्णस्वामी, सोमयाजुलू आणि सहकाऱ्यांनी पाणी वर आणण्याऐवजी गाळणीच खाली धाडली. ॲक्रिलिकचे तंतू, म्हणजे स्वेटरची लोकर असते तसले, त्यांना लोहाच्या हायड्रॉक्साइडचा लेप दिला आणि समुद्रात सोडले. पाणी वाहून जातं, सिलिकॉन आणि रेडियम तंतूला धरून राहतात. हे १९७२ मध्ये छापून आलं. पुढे लोहाऐवजी मँगनीजचा लेप आला आणि तसला तंतू आजही जगभर रेडियम पकडायला वापरतात. लाल पुढे अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले. अंटार्क्टिका म्हटलं की आपल्याकडे झेंडा, बर्फ आणि पेंग्विन यांचे फोटो छापतात. आमच्या मते स्वेटरच्या धाग्याची ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात यायला हवी.

उत्तर ध्रुवाकडे खुणा वेगळ्या आहेत, तिकडे थोडक्यात जाऊ. ब्रिटनच्या सेलाफील्डला २०२२ पर्यंत वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया व्हायची, फ्रान्सच्या ला हागला ती होते. तिथून समुद्रात गेलेलं आयोडीन-१२९ नॉर्वेच्या किनाऱ्यानं आर्क्टिकमध्ये शिरतं, आणि अटलांटिकचं पाणी ध्रुवाखाली कुठवर पोचलं हे त्यावरून दिसतं. तिथला दुसरा प्रश्न गोड्या पाण्याचा. पाणी कमी खारट झालं ते सायबेरियातल्या नद्यांमुळे की समुद्रावरचा बर्फ वितळल्यामुळे? मीठ मोजून हे कळत नाही. पण नदीचं पाणी थंड प्रदेशातल्या पावसा-बर्फाचं, त्यात जड प्राणवायू, ऑक्सिजन-१८, कमी असतो. समुद्री बर्फात तो जवळपास समुद्राइतकाच असतो. दोन्ही आकडे जोडले की हिशेब सुटतो. स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलेसुंडला भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून आहे. ते गोव्यात वास्कोला असलेलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र चालवतं.

गोव्याचं नाव निघालंच आहे तर, आपली पहिली अंटार्क्टिका मोहीमही तिथूनच निघाली, ६ डिसेंबर १९८१ ला. नेते डॉ. सय्यद झहूर कासिम, एकूण २१ जण, आणि ९ जानेवारी १९८२ ला ते पोचले. कासिम हे मूळचे समुद्रशास्त्रज्ञ, दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे माजी संचालक.

एक मागकाढ्या तुमच्या पायाखालचा आहे. निओडिमियम नावाचं मूलद्रव्य प्रत्येक खडकात थोडं असतं, पण त्याच्या दोन प्रकारांचं प्रमाण खडकागणिक बदलतं. हिमालयाच्या जुन्या खडकांचं एक, आपल्या काळ्या बेसाल्टचं दुसरं, अंटार्क्टिकाभोवतीच्या पाण्याचं तिसरं. रिसोड तालुक्याच्या अंगानं जाणारी पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे इथल्या वावरांतली वाहून गेलेली माती स्वतःचा शिक्का घेऊन समुद्रात पोचते. अहमदाबादच्या शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागरात वरपासून तळापर्यंत निओडिमियम मोजलं. वर नद्यांच्या गाळाची छाप, आणि खाली दक्षिणेकडून आलेल्या पाण्याची. मात्र गाळ खाली बसताना खोल पाण्यातही आपलं निओडिमियम सोडतो, त्यामुळे दोन छापा वेगळ्या करायला कसब लागतं.

आता मुद्द्याचं. हे मोजून काय कळलं? तळपाणी कमी होतंय. वेडेल समुद्रात १९८४ ते २०११ दरम्यान पुन्हा पुन्हा सीएफसी मोजला गेला, आणि तिथलं खोल पाणी आधीपेक्षा ‘म्हातारं’ होत चाललेलं दिसलं, म्हणजे नवं पाणी खाली जायचं प्रमाण घटलं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या खोऱ्यात १९९४ ते २००९ या काळात तळाचा प्रवाह चतुर्थांशाहून अधिक मंदावला, तळाचा प्राणवायूही कमी झाला, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. २००९ नंतर तिथं थोडी सुधारणा दिसली, हेही सांगितलं पाहिजे. कारण हिमनद्यांचं वितळलेलं गोडं पाणी. किनाऱ्यावरचं पाणी गोडं झालं की हलकं होतं, हलकं पाणी बुडत नाही.

‘म्हणजे आमचा पाऊस जाईल का?’ हा तुमच्या मनातला प्रश्न आम्हाला दिसतोय. तळपाण्याची आणि यंदाच्या सोयाबीनच्या पावसाची थेट गाठ कोणी बांधून दाखवत असेल तर विश्वास ठेवू नका. पावसावर हुकूम चालतो तो वरच्या पाण्याचा. पण माणसानं हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव भाग समुद्र घेतो आणि पृथ्वीवर वाढलेल्या उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त समुद्रातच गेली आहे. खाली न्यायची ही वाट अरुंद झाली, तर तो बोजा वर राहील. किती आणि केव्हा, ते सांगायला पुढची वीस वर्षं त्याच जागी जाऊन त्याच बाटल्या भराव्या लागतील. त्यातल्या काही भारतीला जाणाऱ्या आपल्या जहाजावरून भरता येण्यासारख्या आहेत.

प्रश्न: समुद्रात मुद्दाम काही टाकून पाहिलंय का?

हो. २००९ च्या सुरुवातीला दक्षिण महासागरात, पॅसिफिकच्या बाजूला, दीड किलोमीटर खोल ७६ किलो एक निरुपद्रवी फ्लोरिनयुक्त रसायन सोडलं होतं. मग काही वर्षं जहाजं ते शोधत फिरली. सपाट तळावर ते वर-खाली फारच कमी पसरलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाखाली तळाशी डोंगर आहेत, तिथं मात्र कितीतरी पटीनं जास्त घुसळलं गेलं. ताक घुसळायला रवी लागते, ती रवी म्हणजे ते डोंगर.

प्रश्न: आमच्या बोअरचं पाणी किती वर्षाचं, हे बी कळते का?

कळतं, आणि पद्धत हीच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अणुचाचण्यांमुळे पावसात ट्रिटियम वाढलं, त्याचं अर्धआयुष्य १२.३ वर्षं. बोअरच्या पाण्यात ट्रिटियम किंवा सीएफसी सापडला तर ते गेल्या काही दशकांत मुरलेलं पाणी, दरवर्षीच्या पावसानं भरून निघण्यासारखं. काहीच सापडलं नाही तर ते त्याआधीचं, म्हणजे तुमच्या आजोबांच्या काळात पडलेल्या पावसाचं. ते उपसलं तर परत भरायला तेवढीच वर्षं धरा. तपासणीला पाणी द्यायचं झालं तर मोटर आधी बराच वेळ चालू ठेवा, आणि बाटली पाण्याच्या धारेखाली उतू जाईपर्यंत भरून पाण्यातच झाकण लावा. आत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पाणी आजचं दिसेल.